जिवंत माणसाचं नाव

मी, मिल्का शिमशोन वाकरूळकर, वय वर्षं एक्क्याऐंशी, राहणार पिनर, लंडन, मूळ गाव वाकरूळ, तालुका पेण, जिल्हा कुलाबा (आता रायगड म्हणतात, म्हणोत बापडे), आज स्वैंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण सही झडपेने करायची नसते, असं वकीलबाई देविका म्हणाली. मला कोणी दटावलेलं नाही, फूस लावलेली नाही. उलट सगळे म्हणतात, आजी, एवढ्यात कशाला? शाळा माझी चौथीपर्यंत. त्यामुळे कायद्याच्या शब्दाच्या जागी घरातला शब्द आला, तर देविकाने इंग्रजी करताना तो खुशाल बदलावा. अर्थ बदलू नये.

आधी आनंदाची गोष्ट लिहिते, मग मरणाची. मी पणजी होणार आहे. मार्च महिन्यात. मुलगी आहे, मशीनवर दिसली. आणि तिचं नाव काय ठेवायचं ते मी सांगायचं आहे, असं नातीने मला सांगून ठेवलं आहे. ते नाव या कागदाच्या शेवटच्या कलमात आहे. कोणी आधी शेवटचं पान उलटून बघू नये. एली, तू तर नाहीच.

कलम १. जुनं मृत्युपत्र रद्द.
सन १९९८ मध्ये, आम्ही स्लाऊला राहत असताना, मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते मी रद्द करते. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे: 'माझी मुलगी दीना हिला माझ्यामागे काहीही मिळू नये, कारण तिने मला जिवंतपणीच मेलेली धरलं आहे.' हे वाक्य मी सांगितलं आणि तिथल्या गोऱ्या वकिलाने लिहून घेतलं. माझे यजमान शिमशोन शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "मिल्का, कागद विसरत नाही हो." आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आज मला तो कागद विसरायला लावायचा आहे. देविका म्हणते, नव्यात लिहिलं की जुनं आपोआप गेलं. इतकं सोपं असतं तर अजून काय हवं होतं.

कलम २. माझे वारस.
वारस दोन. एक, मुलगा एलायजा, म्हणजे एली, राहणार कॉव्हेंट्री. दुसरी, नात मिल्का नीसिम मित्रानी, माझ्या दीनाची एकुलती एक मुलगी, जन्म ब्यूनोस आयर्स, आर्जेंटिना, हल्ली स्लाऊला कॉम्प्युटरच्या कंपनीत.

इथे देविकाने माझं पेन थांबवलं. बिचारी लीस्टरात जन्मलेली, मराठी बोलते ते माझ्यासाठी. म्हणाली, "आजी, ह्याच्यात दोन मिल्का आहे. कोणता मिल्का मेला?"
मी म्हटलं, "अजून एकही नाही गं."

तर हे एक नाव दोघींना कसं, ते मृत्युपत्रात लिहायची पद्धत नाही म्हणे. मी लिहिणार. सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे.

माझं नाव माझ्या आत्याचं. ती एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, आणि वर्षाने मी झाले. आमच्या घरात नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचं. कोणाचंही नाव मोकळं झाल्याशिवाय बाळाला द्यायचं नाही. लहानपणी मला कोणी हाक मारली की माझी आजी डोळे पुसायची. मला वाटायचं, मीच काहीतरी केलंय.

दीना शाळेत स्पॅनिश शिकली आणि त्या भाषेच्या मागे मागे पार आर्जेंटिनाला गेली, इंग्रजी शिकवायला. तिथे तिने लग्न ठरवलं. मुलाचं नाव नीसिम. हे नाव आमच्यातही असतं, मला वाटलं, पेणचाच कोणी असणार. मग आडनाव सांगितलं मित्रानी. मला वाटलं, सिंधी. शिमशोन म्हणाले, "अगं, आपल्यातलाच आहे. फक्त स्पॅनिश बोलतो." त्याच्या लोकांना पाचशे वर्षांमागे स्पेनच्या राजाने ज्यू धर्मापायी देशाबाहेर काढलं. ते तुर्कस्तानात इझ्मीरला गेले, पण घरात बोलायचे ती स्पेनचीच बोली, जपून ठेवलेली. नीसिमचा आजा तिथून बोटीने ब्यूनोस आयर्सला उतरला. गाव सगळं स्पॅनिश बोलणारं! त्याला वाटलं, आता तरी घरी आलो. तर तिथली माणसं हसायला लागली, म्हणे तुझी स्पॅनिश खापरपणजोबाच्या वेळची. आणि तुर्कस्तानातून आले म्हणून त्यांना नाव पडलं 'तुर्को'. घरात ज्यू, बाहेर तुर्को.

मला हे ऐकून हसू आलं होतं. आम्हाला तरी वाकरूळला ज्यू कोण म्हणत होतं? आम्ही शनिवार तेली. शनिवार आमचा देवाचा वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. पण त्यांना हाकललं तरी त्यांनी भाषा पाचशे वर्षं सोडली नाही, आणि आम्हाला कोणी हाकललं नव्हतं, आपल्या पायांनी बोटीत बसलो, आणि माझ्या एलीला मराठीत मीठ मागता येत नाही. हे मी त्याला टोचून नाही लिहीत. शिकवलं नाही ते मीच.

लग्नाला मी गेले नाही. तिथल्या धर्मगुरूने दीनाकडे कागद मागितला, तुम्ही खरेच ज्यू कशावरून? मी फोनवर म्हटलं, "माझ्या बापाने जन्मभर शनिवारी बैल सोडले, हा कागद पुरत नसेल तर मी येत नाही." शिमशोन एकटे गेले. येताना विहीणबाईंनी माझ्यासाठी बोरेकास दिले होते. म्हणजे आपली तिखट करंजीच, आत वांगं. मी खाल्ले नाहीत. शिमशोननी उभ्या उभ्या दोन दिवसांत संपवले.

मग सन सत्त्याण्णव. फोन आला.
"आई, मुलगी झाली. नाव मिल्का ठेवलंय."
"कोण मिल्का?"
"कोण म्हणजे? तू गं! तुझंच नाव."
मी म्हटलं, "मी अजून मेले नाही, दीना."
ती हसली. तिला वाटलं, आईने गंमत केली. म्हणाली, "अगं, इथे तसं नसतं, ऐक तर..."
मी ऐकलं नाही. म्हटलं, "तुझ्या लेखी मेले असेन, तर मग मेलेलीच समज." आणि फोन ठेवला.

ठेवला तो ठेवलाच. तिची पत्रं यायची, मी उघडत नव्हते. फेकतही नव्हते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, झाकण घट्ट. दोन हजार नऊला शिमशोन गेले. त्यांची हत्यारांची पेटी आवरायला घेतली, तर पान्यांच्या खाली फोनची कार्डं. चांदीसारखा रंग खरवडलेली, रबर लावून बांधलेले गठ्ठेच गठ्ठे. दर रविवारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणायचे ते कोपऱ्यावरच्या फोनपेटीत. बारा वर्षं. तेव्हा तरी मी फोन उचलायचा होता. मी काय केलं? त्यांच्यावरही रागावले.

दोन हजार चौदाला एलीने फोन करून सांगितलं, दीना गेली. पोटाचा कॅन्सर. तिला तिकडे मातीही देऊन झाली होती. सुतकाचे सात दिवस मी याच घरात जमिनीवर बसले. एली एक दिवस येऊन बसला. बाकीचे सहा मी आणि आरशावर घातलेली चादर.

कलम ३. नात कशी आली, हेही नोंदवावं.
दोन हजार बावीस, शुक्रवार, दुपारी तीन. मी मनुका भिजत घातल्या होत्या, संध्याकाळी शनिवार लागताना म्हणायच्या किदुशच्या प्रार्थनेच्या शरबतासाठी. दार वाजलं. बाहेर एक पोरगी, पाठीवर पिशवी, नाक दीनाचं.
म्हणाली, "आजी, मी मिल्का."
माझ्या तोंडून निघालं, "मिल्का तर मी."
ती म्हणाली, "हो. तूच. मी पण." आणि रडायलाच लागली. मग म्हणाली, "आई म्हणायचा, आजी रागवेल, तरी जा."

मराठी अशी. आईने शिकवलेली, तिकडे दुसरं कोणी बोलायला नव्हतं, म्हणून क्रियापदं जमेल तशी. पण मीठ मागता येतं! हळद, पोळी, उलथनं, सगळं येतं. आर्जेंटिनात बसून माझ्या दीनाने उलथनं शिकवलं.

डबा तिनेच उघडला. तिला देवनागरी भराभर वाचता येत नाही, म्हणून मी चष्मा लावून वाचायला बसले. सगळ्यात जुनं पाकीट सत्त्याण्णवचं. आत विहीणबाईंची चिठ्ठी, त्यांचं नाव एस्त्रेया, म्हणजे चांदणी, त्यांच्या जुन्या स्पॅनिशमध्ये, आणि खाली दीनाने तेच मराठीत लिहिलेलं:

'विहीणबाई, आमच्यात मुलीला आजीचं नाव देतात, आणि आजी जिवंत असतानाच देतात. घरात हाक मारली की दोघींनी वळून बघावं, त्याने आजीचं आयुष्य वाढतं. पहिल्या नातीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. म्हणजे या मुलीवर माझ्या नावाचा मान होता. तो मी तुम्हाला देते. माझा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे, तुमची मुलगी समुद्रापार. निदान ती दिवसातून पन्नासदा तुमचं नाव घेईल. माझं नाव पुढच्या मुलीला.'

त्याच्या खाली दीनाच्या अक्षरात, बारीक: 'आई, मी विचारलं त्यांना, पुढची झालीच नाही तर? त्या म्हणाल्या, तर मग तुझी आई माझ्याही वाट्याचं जगेल.'

पुढची झाली नाही.

मी पंचवीस वर्षं रागावले होते त्याचं उत्तर पंचवीस वर्षं माझ्याच घरात, फडताळात, चहाच्या शेजारी. धाकटी मिल्का म्हणाली, "आजी, पाणी देऊ?" मी म्हटलं, "नको. मला हाक मार." ती म्हणाली, "आजी." मी म्हटलं, "तशी नाही. नावाने."

पुढच्या रविवारी तिने ब्यूनोस आयर्सला फोन लावला. एस्त्रेयाबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, ऐकू कमी येतं, पडद्यावर फक्त कपाळ दिसत होतं. त्या ओरडल्या, "मिल्का?" आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, "हं?" त्या इतक्या हसल्या की फोन पडला. मला त्यांचं काही कळत नाही, त्यांना माझं नाही. तरी दर रविवारी आम्ही बोलतो. मी क्षमा मागितली, नातीने ती तिकडे सांगितली. त्यांनी परत सांगून पाठवलं की क्षमा नको, मलिदा कसा करतात ते सांगा.

कलम ४. घर.
पिनरचं हे घर एली आणि धाकटी मिल्का यांना अर्धं अर्धं. एली, तू म्हणशील, मी तुझं इतकी वर्षं केलं, छप्पर मी शाकारलं, बॉयलर मी बदलला. खरं आहे. पण दीनाचा अर्धा मी त्या जुन्या कागदाने कापला होता, तो मी परत जोडते आहे. तुझ्या ताटातलं काढत नाही. तू लहानपणी तिच्या सायकलवर मागे बसायचास, तेव्हा तिने अर्धी जागा दिली होती ना?

कलम ५. वस्तू.
(अ) शिमशोनची हत्यारांची पेटी एलीला, फोनच्या कार्डांसकट. कार्डं फेकू नयेत.
(आ) बापाच्या घाण्यावरचं तेल मोजायचं पितळी माप धाकट्या मिल्काला. अजून आत बोट फिरवलं तर तिळाचा वास येतो. मला तरी येतो.
(इ) मलिद्याची थाळी तिलाच. बाळ सुखरूप झालं की आमच्या एलियाहू हन्नबी प्रेषिताच्या नावाने मलिदा करावा. पोहे धुऊन निथळून, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच जातींची फळं. खजूर विसरायचा नाही. नातजावई पुष्कर नागपूरचा आहे, तो म्हणाला, "आजी, हे तर आमच्याकडच्या प्रसादासारखंच झालं." मी म्हटलं, "मग चमचा धर." दीनाने आपल्यातलाच मुलगा केला तर मी लग्नाला गेले नाही, आणि नातीने नागपूरचा केला तेव्हा मी पुढच्या खुर्चीत. म्हातारपणी अक्कल येते ती अशी उशिरा, सामान पोचून गेल्यावर.
(ई) सून जॅनेट हिला माझा प्रेशर कुकर. ती त्याला घाबरते. आता घाबरायचं वय नाही म्हणावं.
(उ) बिस्किटांचा डबा आणि त्यातली पत्रं कोणालाच नाहीत. माझ्याबरोबर ठेवावी. धाकट्या मिल्काने फोटो काढून घेतले आहेत.

कलम ६. हिशेब मिटवण्याजोगे दोन राग.
एक. आमच्या सिनेगॉगमधल्या एका बाई तीस वर्षं मला दर सणाला विचारतात, "तुम्ही धर्म कधी बदलला?" त्यांना माझ्याकडून वस्तू काही नाही. उत्तर तेवढं द्यावं: तुमच्या आधी.
दुसरा राग आर्जेंटिनातल्या त्या कागद मागणाऱ्या धर्मगुरूंवर होता. तो मी सोडला. त्यांनी तरी फक्त कागद मागितला. मी मुलीकडून काय मागितलं?

कलम ७. माती.
मला आमच्या लोकांच्या दफनभूमीत, शिमशोनच्या शेजारी. 'शेमा'ची प्रार्थना मोठ्याने म्हणावी, पुटपुटू नये. दगडावर नाव मराठीत असावं. धाकट्या मिल्काने त्या दिवशी पोटुशी असली तर येऊ नये, आणि मोकळी असली तर यावं. दगडावर स्वतःचं नाव वाचून तिने दचकू नये. मी लहानपणी आत्याच्या दगडासमोर दचकले होते, आणि मला कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगून ठेवते: बाळा, ते नाव दगडाचं नाही. मी गेल्यावर ते तुला मिळालं नाही. मी असताना, विहीणबाईंनी स्वतःचं बाजूला ठेवून, तुला दिलं. तुझ्या नावात मेलेलं काही नाही.

कलम ८, शेवटचं. बाळाचं नाव.
नातीने विचारलं, "आजी, तू सांग, कोणता नाव?" तेव्हा माझ्या जिभेवर एकच नाव होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरच्या रीतीनेही तेच बसतं. नाव मोकळं आहे, दहा वर्षं मोकळं आहे. या घरात पुन्हा 'दीना' म्हणून हाक मारता येईल, कोणीतरी जिन्यावरून 'काय गं' म्हणेल. मी महिनाभर सराव केला. भांडी घासताना, दूध तापवताना. दीना, दूध पी. दीना, मोजे घाल. एकदा शेजारच्या अरुणाने भिंतीपलीकडून विचारलं, "आजी, कोणी आलंय का?" मी म्हटलं, "येणार आहे."

पण आता नाव मोकळं आहे का एवढंच नाही, पाळी कोणाची तेही बघायला मी शिकले. एस्त्रेयाबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी आपला मान एका अशा बाईला दिला, जी तो पाकिटातून बाहेरही काढणार नव्हती. पुढच्या मुलीची त्या सत्तावीस वर्षं वाट बघताहेत आणि एकदाही बोलल्या नाहीत. त्यांच्यात नाव जिवंत माणसाचं ठेवतात. म्हणजे घाई जिवंत माणसाला आहे. माझ्या दीनाला आता घाई नाही.

म्हणून मी असं लिहून ठेवते, आणि हे कलम बाकी सगळ्या कलमांच्या वर धरावं: मुलीचं नाव एस्त्रेया ठेवावं. पुष्करकडे बारशाला नाव आत्या कानात सांगते. त्याची बहीण वरदा आत्या होणार, तिने हा उच्चार आधी दहा वेळा घोकावा. त्या वेळी ब्यूनोस आयर्सचा फोन चालू असावा. तिकडे घड्याळ तीन तास मागे असतं, तेव्हा बारसं सकाळी ठेवू नये, म्हातारीला झोपेतून उठवू नये. वरदाने कानात सांगून झाल्यावर बाकीच्यांनी नाव मोठ्याने घ्यावं, खूप मोठ्याने, त्यांना कमी ऐकू येतं. त्या पडद्यावर वळून बघेपर्यंत घेत राहावं.

मी तोवर असले तर मीही त्यात असेन. नसले तर माझ्या वाटची हाक धाकट्या मिल्काने मारावी. ती मिल्काच आहे, चालेल.

आणि दीनाचं नाव पुढच्या मुलीला. पुढची झालीच नाही तर, एस्त्रेया, माझ्या चांदणे, तू तिच्याही वाट्याचं जग.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, चष्मा लावून परत एकदा वाचलं, आणि दोन शेजाऱ्यांच्या समोर, ते दोघं माझ्यासमोर असताना, सही केली. हात थोडा हलला आहे, तो झडपेमुळे. मन हललेलं नाही.

मिल्का शिमशोन वाकरूळकर
(सही)

साक्षीदार:
१. सौ. अरुणा टिपणीस, शेजारी, पिनर (सही)
२. श्री. हरीश टिपणीस, शेजारी, पिनर (सही)

स्थळ: पिनर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. लवकर आटपलं, संध्याकाळी फोन आहे.